डाव्या हाताला सोयीचं

ता. ९, बुधवार दुपार

बाईसाहेब,

इकडे सगळे बरे आहेत. तिकडेही बरं असेल असं धरून चालतो, कारण फोनवर तू "हं" आणि "बघू" यापलीकडे जात नाहीस. म्हणून लिहायला बसलो.

क्लबात पूल टेबलावरची, बिलियर्ड्ससारखी, जोडीची स्पर्धा रविवारी आहे. नियम तोच, एक फटका एकाचा, पुढचा जोडीदाराचा. तू नाहीस म्हणून तुझ्या लाडक्या दिराला घेतलंय. तू नेहमी म्हणायचीस, "अहो, बॉल कुणीही पॉकेटात पाडेल. पांढरा बॉल पुढच्यासाठी कुठे थांबतो ते बघा." म्हणून सध्या नुसता जोर मोजून मारायचाच सराव चाललाय. पांढरा समोरच्या कडेला आपटून परत मधोमध थांबला पाहिजे. हळू मारला तर अर्ध्या वाटेत बसकण मारतो, जरा जोर लावला तर थेट पॉकेटात. मला काही अंदाजच येईनासा झालाय.

आणि थांबला तरी भलतीकडेच. उजव्या कडेपासून हातभर आत. तिथून मारायला तुझ्या दिराला टेबलावर लोळण घ्यावी लागते. काल तो वैतागला.

"दादा, मी उजव्या हाताने खेळतो. हा बॉल तू वहिनीसाठी ठेवतोयस."

"गप रे, अजून हात बसला नाहीये," मी म्हटलं खरं, पण काठी खाली ठेवली. डावखुरी तू. इतकी वर्षं तुझी सोय बघत खेळलो आणि मला पत्ताच नाही! मग घरी का जमलं नाही? जोरात बोललो की तू रडायचीस, गप्प बसलो की म्हणायचीस, "बोला ना काहीतरी." किती बोलायचं ते मला अजून कळलेलं नाही.

तुझ्या आईला बरं नाही म्हणून तू माहेरी गेलीस. परवा फोन सासूबाईंनीच उचलला. तब्येत विचारली तर म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय? फिरायला निघालेय." पुढे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शुक्रवारी नावं द्यायची आहेत. दीर म्हणतो, वहिनीचंच दे. स्पर्धा गेली खड्ड्यात, घर खायला उठतं गं. रागावून गेली असशील तर रागावूनच ये, पण ये.

तुझाच, निदान माझ्या बाजूनं तरी,
अहो