मोहरीचा दहावा फेरा

तू त्या दिवशी थुंकायला हवं होतंस. कडू घास तोंडात आला की माणूस थुंकतं, करणाऱ्याच्या नावाने चार शब्द बोलतं. तू गिळलास, पदराने ओठ पुसलेस आणि "बरें जालां" म्हणालीस. त्या दोन शब्दांवर तू मला इतकी वर्षं टांगून ठेवलंस, आणि स्वतः मरून मोकळी झालीस.

मी तुझी सून. नाव लिहीत नाही, तू तरी ते कधी घेतलंस. "गो खाणीकडचे" म्हणून हाक मारायचीस, जसं काय माझ्या माहेरी, शिरगावात, माणसं राहतच नाहीत, नुसती लाल माती राहते. जिवंत होतीस तोवर मी तुला तुम्ही म्हणत होते. आता तू मेलीस त्या वयापेक्षा मी सहा वर्षांनी मोठी आहे, म्हणून तू म्हणते. राग आला तर गिळ, ते तुला जमतं. माझी शाळा तिसरीपर्यंतची, अक्षर कोंबडीच्या पायाचं. नातीच्या जुन्या वहीत लिहायला बसलेय. ती कामाला गेलीय, सून मळ्यात तवशीं, म्हणजे काकड्या, काढतेय, घरात कोणी नाही. उद्या सकाळपर्यंत मला एक गोष्ट ठरवायचीय.

तुझी पणती किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात स्वयंपाक करते. शिकून करते, पांढरा कोट घालून. परवा मला म्हणाली, "आजी, नव्याच्या दिवशी तू तवशावर घालतेस तो रस मला शिकव. आमच्याकडे सॅलडवर घालीन. ह्या दिवसांतलंच पाहिजे सगळं, बाटलीतलं नको." मी म्हटलं, "तुझी गिऱ्हाईकं गोरी, त्यांना आंबाडे काय कळणार, आंबट म्हणून परत पाठवतील." ती म्हणाली, "आजी, गोऱ्यांनापण जीभ असते." जीभ हा शब्द ऐकला आणि मी उठून गेले. तिला वाटलं मला राग आला.

तो रस तुझाच. गणपतीची चवथ झाली, शेतात कणसं पिवळी पडली, दारावर नवी कणसं बांधली की त्या दिवशी नव्या तांदळाचा भात आणि बाजूला तवशाच्या फोडी, वर हा रस. चुलीवर चढवायचं काहीच नाही. पिकलेले आंबाडे हाताने कुस्करायचे, आठळी आणि धागे काढून टाकायचे. ओला नारळ, सुकी मिरची, मीठ आणि माडाचा काळा गूळ रगड्यावर गंधासारखा वाटायचा, त्यात तो आंबट गर. वरून कच्चं खोबरेल, एक कुलेर, चमचाभर, जास्त नाही. आणि मोहरी सगळ्यात शेवटी. पहिल्या वर्षी मी ती खोबऱ्याबरोबरच घातली तेव्हा तू माझ्या मनगटावर डवली हाणलीस. अजून आठवतं, नारळाच्या करवंटीची डवली, ओली. "सासवां मागीर घालूची. नऊ फेरे. दहावो मारशीत तर कडू जातला." मग माझ्यामागे उभी राहून तूच मोजलेस, एक, दोन, तीन, जसं काय मला नवापर्यंत मोजता येत नव्हतं. नवाला माझा हात धरलास. तुझा हात गरम होता. त्या एकाच वेळी तू माझा हात धरलास.

मग ते वर्ष आलं. नव्याचाच दिवस. मी आंघोळ करून ओल्या केसांनी रगड्याला बसलेय, आणि फाटकाशी कोणी माणूस उभा राहून तुझ्याशी बोलतोय. मला त्याची पाठच दिसली, सायकल वळवून जाताना. मी विचारलं, "कोण इल्लो?" तू म्हणालीस, "नारळ विचारूक." आणि माझ्याजवळ येऊन बसलीस. तू कधी बसायची नाहीस, उभ्याने हुकूम सोडायचीस, त्या दिवशी बसलीस. मी मोहरी घातली, नऊ फेरे मारले, तू मोजले नाहीस. देवाला पान दाखवलं. पुरुष जेवले, मुलं जेवली, आपण दोघी जेवलो. तू मला आग्रह करून वाढलंस, मला वाटलं आज ही बरी वागतेय. हात धुतले आणि तू म्हणालीस, "आता आंग धू आणि लुगडां बदल. तुजी आवय गेली. सकाळीच निरोप इल्लो."

मी हात पुन्हा धुतले. बोटांना अजून आंबाड्याचा वास होता. तू म्हणालीस, "आदी सांगलां आसतां तर तुका सुतक लागलां आसतां. तुज्या हातचां देवाक चालला नसतां. नवें मोडलां आसतां." तुझ्या आवाजात काही नव्हतं, ना दुःख ना लाज. तांदूळ निवडताना खडा दाखवावा तसं दाखवलंस. बरोबर माणूस द्यावं हेही तुला सुचलं नाही. कोरगावहून म्हापशाला, तिथून डिचोली, तिथून शिरगाव. पोचले तेव्हा सगळं उरकून माणसं परत येत होती. आईचं लुगडं अंगणातल्या दोरीवर तसंच वाळत होतं, खाणीची धूळ बसून लाल झालेलं. मी ते झटकलं. तेवढंच केलं तिचं. ती तिकडे पडली होती आणि मी इकडे रसात मीठ बरोबर आहे का ते चाखत होते. भावाने मला कधी माफ केलं नाही; त्याला वाटलं निरोप मिळूनही मी जेवून आले. मीही त्याला सांगितलं नाही. सांगायला गेले असते तर तुझ्या घराची अब्रू गेली असती, आणि तोवर ते माझंही घर झालं होतं.

पुढच्या वर्षी नव्याला तू खाटेवर होतीस, खुबा मोडून. डोकं मात्र साफ, सगळ्यांवर जीभ चालत होती. जेवण कमी झालं होतं तुझं, पण त्या दिवशी तूच म्हणालीस, "माका तवशां आण, रस घालून." मी आणला. मी बाजूला उभी होते. तू फोड तोंडात घातलीस, चावलीस, एकदा माझ्याकडे बघितलंस आणि गिळलीस. मग दुसरी. सगळं पान पुसून खाल्लंस. "बरें जालां." आणि उशाखालून मोहरीची पितळी डबी काढलीस, जिला तू कोणाला हात लावू देत नव्हतीस, आणि माझ्या हातात ठेवलीस. "आता तूच कर दर वर्सा." दिवाळीच्या आत तू गेलीस.

मी केला. दर वर्षी, नऊ फेरे. तुझा मुलगा बोटं चाटायचा आणि म्हणायचा, "आईच्या हातचा अगदी." तोही गेला. गेल्या वर्षी मला ताप आला, तीन आठवडे, आणि उठले तेव्हा तोंडात काही उरलं नव्हतं. मीठ लांबून ओरडल्यासारखं कळतं. गोड त्याहून लांब. कडू तर नाहीच. मी कोणाला सांगितलं नाही. म्हातारीची चव गेली म्हटलं की तिला स्वयंपाकघरातून उठवतात आणि टीव्हीसमोर बसवतात, शेजारणीचं बघितलंय मी. मी हाताच्या अंदाजाने करते, आणि सून प्रत्येक वेळी म्हणते, "बरं झालंय आई." बिचारी मला दुखवत नाही. की माझी भीती आहे तिला, देव जाणे.

काल नातीसमोर केला. रस्ता रुंद होतोय, आंबाड्याच्या झाडावर त्यांनी लाल रंगाने आकडा घातलाय, दिवाळीपर्यंत पाडणार. तुझ्या सासऱ्याने लावलेलं झाड. ह्या वर्षीचे आंबाडे शेवटचे. मी मिक्सर नको म्हटलं, रगड्यावर बसले. मोहरी घातली आणि मोजायला लागले, आणि मध्येच डोळ्यांसमोर ती सायकल वळताना दिसली. मी किती फेरे मारले मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. सुनेने चाखलं, म्हणाली, "बरं झालंय आई." नातीने चाखलं आणि मोरीत जाऊन थुंकली. "आजी, कडू जालां. तुला नाय लागलं?"

मी म्हटलं, "लागलं. मुद्दाम केलं. तू थुंकतेस का गिळतेस ते बघायला."

ती हसली. "भारी आहेस आजी तू. परवा सकाळी परत कर, मी फोनवर काढून ठेवते." आणि मी रगडा धुवायला लागले. एक खोटं झाकायला तोंडातून जे निघालं ते दुसरीकडे कुठे तरी खरं होतं.

तर ऐक. तुझ्या खाटेजवळ आणला तो रस मुद्दाम कडू केला होता. नऊ झाले आणि मी थांबले नाही. दहावा मारला, मग वीस, मग मोजणं सोडलं. तुला कडू गिळायला लावायचं होतं, माझ्या आईच्या दिवशी मी जेवले तसं. मला वाटलं तू थुंकशील, शिव्या देशील, मग मी बोलेन, सगळं बोलेन, वर्षभर साठवलेलं. तू "बरें जालां" म्हणालीस आणि माझं तोंड बंद केलंस.

आता माझी स्वतःची जीभ मेली तेव्हा कळतंय की तुझीही मेलेली असेल. म्हातारपणी, खाटेवर, जेवण कमी झालेलं. म्हणजे मी ज्याच्यासाठी एवढं केलं ते तुझ्यापर्यंत पोचलंच नाही, आणि डबी तू बिनचवीच्या माणसासारखी, काही न कळता दिलीस. की तुला लागलं, तुला कळलं का केलंय ते, आणि तू ते सगळं पान पुसून खाल्लंस. पहिलं असेल तर माझ्या आईचं कोणी काही फेडलं नाही. दुसरं असेल तर तू फेडलंस आणि मला कळू दिलं नाहीस, आणि मी तीस वर्षं तुझ्या फोटोला हार घालताना दात चावत होते. कुठलं खरं असावं असं मला वाटतं, तेही मला सांगता येत नाही.

टोपलीत नऊ-दहा आंबाडे उरलेत, एकदाच होईल. नात उद्या सकाळी फोन घेऊन बसेल. मोजायचं तिनेच, असं मी तिला सांगेन. चाखायचंही तिनेच. का, ते सांगायचं की नाही हे ठरवायला बसले होते, आणि पानं संपली तरी ठरलं नाही. हा कागद कुठे धाडायचा नाहीये, तुझ्या पितळी डबीत घालून ठेवते, मोहरीखाली. माझी जीभ गेलीय हे घरात कोणाला माहीत नाही, ते पहिलं तुला सांगितलं, एवढं लक्षात ठेव. आणि मी तिकडे आले की उत्तर तू द्यायचं, तुझ्या तोंडाने. तुझ्या मुलाला पुढे करू नको, तो तुझं सगळंच बरं म्हणतो.