आठवणींच्या खोलीचा प्रमुख

२ फेब्रुवारी, सकाळी ११.४०
शेवटी लायब्ररीला माझी किंमत कळली. गावाचा इतिहास गावातल्या माणसांच्याच तोंडून ऐकायचा, रेकॉर्ड करायचा आणि वेबसाइटवर सगळ्यांसाठी खुला करायचा, असा प्रोजेक्ट मंजूर झाला. मुख्य ग्रंथपालबाई मीटिंगमध्ये म्हणाल्या की काम नवी मुलगी बघेल आणि मी तिला मदत करेन. म्हणजे प्रमुख मीच. एकतीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला सगळ्यांसमोर प्रमुख म्हणायचा बाईंना संकोच वाटला असणार.
जुन्या वर्तमानपत्रांची खोली रिकामी केली. दोन खुर्च्या, एक टेबल, रेकॉर्डर. दारावरची 'आठवणींची खोली' ही पाटी मी स्वतः लिहिली. माझं अक्षर बघून नव्या मुलीनं पाटीचा फोटोच काढला.
संकल्प: आपण कमी बोलायचं, लोकांना बोलू द्यायचं. शिवाय पुस्तकाची प्रस्तावना आत्ताच लिहून ठेवायची. पुस्तक काढायचं अजून ठरलेलं नाही. ठरेल.

५ फेब्रुवारी
पहिली मुलाखत. रिटायर्ड पोस्टमन. चांगला माणूस, पण मुद्द्यावर येत नाही. पत्रं न वाचता नुसत्या पाकिटावरून घरातलं बरंवाईट कसं कळायचं, ते सांगत बसला. विषयाला दिशा द्यावी म्हणून मी माझ्या शाळेतल्या आठवणी सांगितल्या. छान रंगलं. जाताना तो म्हणाला, मजा आली ऐकायला.

९ फेब्रुवारी
प्रस्तावनेची एकोणतीस पानं झाली. अजून मी तिसरीत आहे.
हिला वाचून दाखवायला बसलो. ही म्हणजे आमची बायको. तिसऱ्या पानावर उठून गेली. कुकरची शिट्टी झाली म्हणे. मला ऐकू आली नाही.

१२ फेब्रुवारी, दुपारी
कानामागून आली आणि तिखट झाली. नव्या मुलीनं बाईंना सगळ्या मुलाखती ऐकवल्या. पोस्टमनच्या रेकॉर्डिंगमध्ये पोस्टमन फार कमी आहे, सुईणीच्या रेकॉर्डिंगमध्ये ती फक्त 'हो का?' म्हणते, आणि घड्याळवाल्याचं तर मी व्याकरण सुधारलं आहे, अशी तक्रार. बाईंनी मला मुलाखतींवरून काढलं. यापुढे मी हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकायचं आणि टाइप करायचं.
म्हणजे संपादक. ही बढतीच म्हणायची.

२० फेब्रुवारी
नियम असा, की सांगणाऱ्याचं नाव फाइलवर नाही. नुसता नोंद क्रमांक. नव्या मुलीची कल्पना. लोक मोकळेपणानं बोलतात म्हणे. मी सांगितलं की मला नावाची गरजच नाही, इतकी वर्षं पुस्तकांत काढल्यावर आवाजावरून आख्खा माणूस उभा करता येतो.

३ मार्च, सकाळी १०.१५
नोंद क्रमांक सतरा.
एक बाई. साठीच्या आतबाहेरची. आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो. बहुधा रेडिओवर असावी. तरुणपणी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. समोर भलामोठा बोर्ड, दोऱ्या, पिना, आणि कानात आख्खं गाव. नदीवरचा पूल पडला त्या दिवशी सकाळी सातला ती ड्यूटीवर बसली आणि सोळा तास उठली नाही. पुलाबरोबर एक बसही नदीत गेली होती. किती गेले, तो आकडा कुणालाच माहीत नव्हता. हॉस्पिटलचा पोलिसांना फोन आला, तो तिनंच जोडला, आणि त्यात गेलेल्यांपैकी एका माणसाचं नाव तिच्या कानावर पडलं. पुढच्या मिनिटाला त्याच माणसाच्या बायकोचा फोन. हॉस्पिटल जोडून द्या.
ऑपरेटरनं ऐकलेलं कधी बोलायचं नाही, असा कडक नियम. शिवाय हॉस्पिटलची लाइन खरंच मिळत नव्हती. त्या बायकोनं चौदा वेळा फोन केला. चौदाही वेळा ऑपरेटर म्हणाली, 'थांबा, लाइन एंगेज आहे.'
पुढचं उद्या. टाइप करताना चष्म्याची काच ओली झाली.

४ मार्च
बाई पुढे सांगते, की घरी परत आली तेव्हा तिला कुणालातरी हे सांगायचं होतं. लग्नाला सहा महिने झाले होते. नवरा जेवायचा थांबला होता. तिनं तोंड उघडलं, तर तो म्हणाला की आज त्याचं नाक फार गळतंय आणि रस्त्यांच्या अवस्थेबद्दल त्यानं संपादकांना पत्र लिहिलंय, आधी ते ऐक. तिनं ऐकलं. दोन पानी होतं. त्यानंतर एकोणचाळीस वर्षांत त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. वर्षभरानं त्यानंच तिचा राजीनामा लिहून आणला. ती म्हणते, 'त्यांचं अक्षर फार सुंदर आहे. सही तेवढी माझी होती.'
अशा नवऱ्याला भर चौकात उभा करून विचारलं पाहिजे. काय एकेक दगड असतात जगात.
पूल पडला त्या दिवशी मलाही सर्दी होती, हे आठवलं. किती योगायोग असतात.

५ मार्च
हिला सतरा नंबरची गोष्ट सांगितली. सगळी, अगदी हातवारे करून. ही भाजी निवडत होती. म्हणाली, 'अस्सं.' बायकांना दुसऱ्या बाईचं दुःख कळत नाही. ही पण लग्नाच्या सुमारास कुठल्याशा ऑफिसात फोनबिन उचलायची. मीच तिला त्या कटकटीतून सोडवलं.

१७ मार्च
सतरा नंबर वेबसाइटवर गेला आणि गाव वेडं झालं. माणसं लायब्ररीत येऊन रांग लावून ऐकतात. न्हाव्यानं माझे केस कापता कापता विचारलं, साहेब, ते एक्स्चेंजवालं तुम्ही ऐकलंत का? मी म्हटलं, ऐकलंत काय, टाइप मीच केलं. त्याची कात्री थांबली. मग म्हणाला, 'तुम्ही फार मोठ्या मनाचे.' मी म्हटलं, आहेच. पैसे घेईना.
लेकीचाही फोन आला. तिनं तीनदा ऐकलं म्हणे. मी माझ्या टायपिंगबद्दल सांगायला लागलो, तर म्हणाली, 'बाबा, आईला द्या.'

२८ मार्च
लायब्ररीच्या हॉलमध्ये जाहीर कार्यक्रम ठरला. निवडक आठवणींचं वाचन. सतरा नंबर मीच वाचणार, हे मी बाईंना निक्षून सांगितलं. बाईंनी नव्या मुलीकडे बघितलं. मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, 'सर, नक्की तुम्हीच वाचणार?' भूमिकेचा आवाका झेपेल का, असं तिला वाटत असावं. मी शाळेत दोनदा नाटकात होतो. दुसऱ्यांदा तर बोललोही होतो.
ती म्हणाली की सांगणाऱ्या बाईंना विचारावं लागेल. संध्याकाळी निरोप आला. त्या सांगणाऱ्या बाईचं उत्तर असं, 'वाचू दे त्यांना.'
माझी कीर्ती तिच्यापर्यंत पोचलेली दिसते.

१० एप्रिल
उद्या कार्यक्रम. आरशासमोर सात वेळा वाचलं. नवऱ्याचा आवाज थोडा नाकातून काढतो, म्हणजे लोकांना तो किती आत्ममग्न आहे ते कळेल. फारसं नाटक करावं लागत नाही, सहज जमतो.
हिनं माझा शर्ट स्वतःहून इस्त्री केला. म्हणाली, मी पण येईन. माझ्या नोकरीच्या एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

१२ एप्रिल
काल लिहिता आलं नाही.
हॉल भरला होता. लोक भिंतीला टेकून उभे होते, त्यांना मी खुर्च्या आणवून बसवलं. वाचन उत्तम चाललं. संपादकांच्या पत्रापाशी हशा झाला. राजीनाम्यापाशी एवढा मोठा हशा झाला, की मला थांबावं लागलं. लोक इतके माझ्याकडे बघत होते, की पोडियममागे हात कुठे ठेवावा ते कळेना.
शेवटी मी कागद खाली ठेवला आणि माझ्या मनाचं एक वाक्य जोडलं. म्हटलं, 'हा नवरा आज या हॉलमध्ये असेल, तर त्यानं उभं राहावं.'
कुणी हललं नाही. पाचशे माणसं बसलेली. मी वाट बघितली. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत नीट नजर फिरवली. उभा फक्त मी होतो.
तरीही मला कळलं नाही. हे मी इथे लिहून ठेवतो, कारण हे कुणी वाचणार नाही.
मग तिसऱ्या रांगेतली एक म्हातारी काठी टेकत उठली. मंचाकडे आली नाही. पहिल्या रांगेत हिच्यासमोर जाऊन थांबली. हॉलमध्ये इतकी शांतता होती, की मला मंचावर ऐकू आलं.
'तो आवाज तुमचा होता ना?'
ही म्हणाली, 'हो.'
'मला दुसऱ्याच फोनला कळलं होतं. थांबा म्हणायच्या आधी तुम्ही श्वास घेतलात. मी पुढचे फोन हॉस्पिटलसाठी नव्हते केले. तेवढा एकच आवाज मला थांबा म्हणत होता.'
ही रडली. म्हातारीनं तिचं डोकं पोटाशी धरलं. मी आजवर हिला रडताना बघितलेलं नाही, असं मी लिहिणार होतो. खरं म्हणजे बघितलं असेल.
माइक चालू होता. त्यातून माझा श्वास ऐकू येत होता, शेवटी ग्रंथपालबाईंनी येऊन माइक बंद केला.

१३ एप्रिल
घरी भांडण झालं नाही. मी म्हटलं, तू मला सांगायचंस. ही म्हणाली, 'सांगितलं की. तुम्ही टाइप केलंत.'

१८ एप्रिल
ही आता रोज दुपारी लायब्ररीत जाते. म्हातारीपण येते. दोघी आठवणींच्या खोलीबाहेरच्या बाकावर तासन् तास बसतात. मी समोरून दोनदा फाइल घेऊन गेलो. दोन्ही वेळा त्यांनी पाय आत घेऊन वाट करून दिली.
दगडालाही बाजू असते. ठरवलं, माझी बाजू रेकॉर्ड करायची. शांतपणे, मुद्देसूद. एकदा ऐकली की गावाचं मत फिरेल.

२१ एप्रिल, दुपारी ३.२०
खोलीत गेलो. नव्या मुलीनं रेकॉर्डर सुरू केला. मी म्हटलं, माझं माझ्या बायकोवर प्रेम आहे आणि मी तिला चांगला ओळखतो. मुलगी म्हणाली, 'मग त्यांच्याबद्दलच सांगा ना, सर. कुठूनही सुरुवात करा.'
मी म्हटलं, ती शांत स्वभावाची आहे. घर नीट ठेवते. कधी तक्रार नाही. मुलगी थांबून राहिली. मी पाणी प्यायलो. तिला कशाचं हसू येतं, ती कशाला घाबरते, नोकरी सुटली त्या दिवशी घरी येऊन तिनं काय केलं, असं मुलगीच एकेक विचारत गेली. चांगल्या सुरात विचारत होती. मी प्रत्येक वेळी तोंड उघडलं.
शेवटी मी म्हटलं, आज नको, पुन्हा येईन, एवढं पुसून टाका.
तिनं हेडफोन लावून पहिल्यापासून ऐकलं. मग काढून टेबलावर ठेवला.
'पुसण्यासारखं काही नाहीये, सर.'