सावरीचं जाकीट

४ नोव्हेंबर १९३५, लोणावळे

होडी आली. म्हणजे आमची झाली. धरणाच्या कंपनीतले ह्यांचे साहेब विलायतेला परत चालले, जाताना तलावावरची आपली छोटी होडी ह्यांना देऊन गेले. दोन वल्ही, एक बुचाचं जाकीट, आणि होडीच्या कडेला इंग्रजीत कुणा बाईचं नाव. सा.बां.नी (रोज 'सासूबाई' इतकं लांब कोण लिहिणार) होडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि "आत मात्र मी मेले तरी बसणार नाही" असं होडीलाच सांगून घरी आल्या.

मला बसायचंय. पलीकडच्या काठाला माझं माहेर. बैलगाडीनं वळसा घालून जायचं तर अख्खा दिवस जातो, आणि पाण्यावरून म्हणजे अगदी समोर. ह्या दिवाळीला बैल लंगडला आणि भाऊबीज राहिली ती राहिलीच. सकाळी धरणाच्या भिंतीवर गेलं की पलीकडे आईच्या चुलीचा धूर दिसतो. मला दिसतो. हे म्हणतात, ढग आहे.

विचारलं, नेता का पलीकडे? म्हणाले, "नेईन. पण जाकिटाशिवाय होडीत पाऊल ठेवायचं नाही. कंपनीचा नियम आहे." होडी आपली, मग नियम कंपनीचा कसा? त्यावर ह्यांनी चहा दोनदा घेतला.

७ नोव्हें.

आज बु.जा. (बुचाचं जाकीट) घालून बघितलं. साहेब ताडमाड, मी ही एवढी. जाड कापडात बुचाच्या विटा शिवलेल्या. उभी राहिले तर गुडघ्याशी आलं. हे म्हणाले, उभ्यानं बघून उपयोग नाही, होडीत बसायचं असतं. म्हणून मी माजघरात पाटावर बसले, ह्यांनी हातात काठी दिली, म्हणाले मार वल्हं. बसल्याबरोबर जाकीट वर आलं ते थेट नाकापर्यंत. काखा सोलल्या त्या वेगळ्याच.

मग म्हणे आणखी एक चाचणी. जाकीट खांद्याशी धरून वर ओढायचं, अंगाला घट्ट राहिलं तर बरोबर, निसटलं तर पाण्यातही निसटणार. साहेबांनी शिकवलंय. ह्यांनी दोन्ही खांद्यांना धरून ओढलं. जाकीट निसटलं नाही, मीच सगळी वर उचलले गेले. तेवढ्यात सा.बा. दळण घेऊन आत आल्या. आल्या तशा परत गेल्या.

नंतर मला म्हणाल्या, "झालं का तुमचं?" मी गडबडीत "व्हय" म्हटलं. "होय म्हणावं," म्हणाल्या. लग्नाला दोन वर्षं झाली, तरी घाईत माहेरचंच तोंडात येतं.

१० नोव्हें.

दादा आला पलीकडून. पायी वळसा घालून. जाकिटाचं त्याच्या कानावर गेलंच होतं, येताना दोन वाळके भोपळे दोरीला बांधून पाठीवर घेऊन आला. म्हणाला, "गोदे, हेच भोपळे बांधून हिरीत पवायला शिकलीस, इसरलीस व्हय? जाकीट कशाला पायजे? ह्ये बांद आन् चल."

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. कंपनीची माणसं धरणावर उभी असताना ह्यांची बायको पाठीला दोन भोपळे लावून जाणार! तरी मी बांधून पाटावर बसून बघितलं. मागं टेकता येत नाही, आणि जरा वाकलं की भोपळा डोक्यात बसतो. भोपळे फडताळावर ठेवले.

निघताना दादा हळूच म्हणाला, "आईला आता लांबचं दिसत न्हाई. जवळचंबी लय आंधूक. म्हनती, गोदीचं त्वांड दिसतंय तवर येऊन जा म्हनावं." आणि एकदम गूळ मागून घेतला, खायला काहीतरी हवं म्हणून.

मला काही सुचत नाही. जायचंय.

१२ नोव्हें.

काही नाही. आमटी खारट. धूर दिसला.

१५ नोव्हें.

ह्यांना आठवलं की साहेब म्हणायचे, हल्ली विलायतेत बुचाऐवजी सावरीच्या कापसाची जाकिटं करतात. हलकी, मऊ, आणि पाणी पीत नाहीत. मी म्हटलं, मग शिवते की! ह्या घरात सावरीच्या उश्यांचं कौतुक मी आल्या दिवसापासून ऐकतेय. सा.बां.च्या लग्नात मिळालेल्या दोन. पाहुण्यांना त्या नुसत्या दाखवतात, डोकं ठेवू देत नाहीत.

मागायचं कुणी? हे म्हणाले तू माग. मी म्हटलं तुमची आई. शेवटी दोघं मिळून गेलो. सा.बां.नी स्वतःच उश्या काढून दिल्या. "आईला भेटायला चाललीस म्हणून. नाहीतर दिल्या नसत्या." मला फार बरं वाटलं.

२१ नोव्हें.

जाकीट बुडालं.

नीट लिहिते. सकाळी पुरं झालं. आमच्या चाळीच्या हौदावर चाचणी. सगळी चाळ जमली, सा.बा. पुढं, हात कमरेवर. ह्यांनी जाकीट पाण्यावर सोडलं. तरंगलं! सा.बां.नी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. मग एक कोपरा काळा पडला, मग दुसरा, आणि म्हैस पाण्यात बसते तसं ते सावकाश खाली जाऊन तळाला बसलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "घालून बसली असती म्हणजे?"

सा.बां.नी तिथंच शिवण उसवली. आत साधा कापूस. सावरीचा एक तंतू नाही.

संध्याकाळी सा.बां.ना आठवलं. वन्संनी मुलीच्या लग्नात वऱ्हाडासाठी ह्या उश्या नेल्या होत्या. "परत आल्या तेव्हाच जड लागल्या होत्या मला. वाटलं, वऱ्हाडाच्या डोक्याचं तेल असेल." मग थोड्या वेळानं, "म्हणूनच तिची मान कधी दुखत नाही."

उद्या वन्संकडे जाणार आहेत. आगगाडीनं.

२४ नोव्हें.

सा.बा. परत आल्या. वन्सं म्हणाल्या, उश्या दिल्या तशाच परत केल्या. सा.बा. तिथं पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. ओलं जाकीट अजून दोरीवर आहे, वाळत नाही. येणारे-जाणारे विचारतात.

५ डिसें.

दादा पुन्हा आला. डोक्यावर धोतरात बांधलेलं मोठं गाठोडं, वजन काहीच नाही. सोडलं तर सावरीचा कापूस! जाकीट बुडाल्याची बातमी आमच्या आधी पलीकडे पोचली होती.

"चैतात बोंडं फुटली तवा आईनं येचून ठिवलाय. तुज्या पोराच्या पाळन्यातली गादी करायची म्हनून. आता म्हनली, पाळना हलंल तवा हलंल. आदी पोरगी हितं येऊ दे."

मला रडू आलं. त्यात कापूस उडून नाकात गेला, त्यामुळं आणखी आलं. दादा घाबरून उठलाच.

१२ डिसें.

कापूस घरभर. हे मिशीला कापूस लावून कचेरीत गेले, तिथं कुणी सांगितलं नाही.

ह्या खेपेला चोळीच्या मापावर बेतलंय. मुंढे मोठे, नाहीतर वल्हं मारताना काख सोलते. गळा खाली, म्हणजे हनुवटी मोकळी. पुढं तीन नाड्या. हे म्हणतात जाकीट अंगासरशी हवं, ढिलं असलं की पाण्यात वर येतं. आणि सा.बा. म्हणतात, "दोन्ही बगलांना चार-चार बोटं माया सोड." चार बोटं! एवढं कापड आत दुमडलं तर जाड होतं, टोचतं. मी तसं म्हटलं. "टोचू दे," म्हणाल्या. ऐकेचनात. शेवटी सोडलं. टोचतंय. काही काही बाबतींत ह्या बाईपुढं इलाज नाही.

आज जेवण जाईना. नाकात कापूस गेला म्हणूनच.

१८ डिसें.

तरंगलं!! वरवंटा बांधला तरी तरंगलं. काल दिवसभर ठेवलं होतं हौदात. सा.बा. अधूनमधून काठीनं दाबून बघत होत्या, वर यायचं. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या आईची सावर खरी."

आज वाळल्यावर घालून पाटावर बसून वल्हं मारलं, हात मोकळे. ह्यांनी खांद्यांना धरून ओढलं, जागचं हललं नाही. (दार लावून घेतलं होतं.) काठाला सा.बां.नी जुन्या हिरव्या खणाची पट्टी लावलीय. इतकं छान बसलंय की स्वयंपाक त्यातच केला. फक्त बगलेत टोचतं.

६ जाने. १९३६

पहिल्यांदा होडीत! हे बु.जा.मध्ये, मी माझ्यात. ह्यांचं जाकीट बसल्यावर वर आलं, त्यांना पुढचं दिसेना, होडी तीनदा काठालाच लागली. म्हणून वल्ही माझ्याकडे. थोड्या वेळानं जमलं, सरळ जायला लागली. कुरवंड्याच्या घाटाकडून गार वारा येत होता. काठ लांब गेला तेव्हा हे जाकिटाच्या आतून म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. मला पोहता येत नाही."

दोन वर्षं धरणावर नोकरी! मी म्हटलं, मला येतं, घाबरू नका. परत येईपर्यंत माझ्या जाकिटाची मागची कड मात्र हातात धरून बसले होते. मी हसले नाही. घरी येऊन हसले.

१९ जाने.

ठरलं. पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी पलीकडे. दादाला निरोप गेला. आई काठावर येऊन बसणार म्हणे. हल्ली दुपारी झोप फार येते. आज उभ्या उभ्या चिंच खाल्ली, सा.बां.नी बघितलं आणि आणखी चिंच आणून ठेवली. एरवी खोकला होतो म्हणून ओरडतात.

१ फेब्रु.

उद्या निघायचं म्हणून जाकीट घालून बघितलं. नाड्या पोचेनात. मागच्या महिन्यात गाठ मारून वर टोक उरत होतं. श्वास आत घेऊन ओढलं, वरची बसली, खालच्या दोन्ही नाहीत. हे म्हणाले, "होडीत भिजलं, आटलं असणार." मलाही तेच वाटलं.

चुलीपाशी बसलेल्या सा.बा. म्हणाल्या, "जाकीट आटलेलं नाही."

उठल्या, कात्री घेऊन आल्या, माझ्या पुढ्यात ठेवली. "उसव. चार बोटं उगाच नव्हती सोडायला सांगितली."

माझं महिन्याचं कधीच नेमाचं नव्हतं, म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं. त्यांनी दिलं होतं. पाळण्यासाठी राखलेला आईचा कापूस अंगाला बांधून मी महिनाभर घरात हिंडतेय आणि मलाच पत्ता नाही! इतका आनंद झाला, आणि लाजही वाटली. कात्री हातात धरून नुसती बसले.

ह्यांना कळायला आमटी गार होईपर्यंत वेळ लागला. कळल्यावर म्हणाले, "होडी बंद."

२ फेब्रु.

गेलो नाही. पहाटेच माणूस पाठवून दादाला कळवलं. तरी आई काठावर येऊन बसली असणार.

घरात भांडण. सा.बा. म्हणतात, पहिलं बाळंतपण माहेरीच, आणि बैलगाडीचे धक्के खात वळसा घालून काय होतं ते मला विचार, पाण्यावर निदान खड्डे नाहीत. हे म्हणतात, "आणि होडीत काही झालं तर? मला पोहता येत नाही, आई. मी काय करणार तिथं?" आवाज बदलला होता. मला दोघांचंही पटतं, आणि मला आईला भेटायचंय.

५ फेब्रु.

दादाचा निरोप. आई म्हणाली, पोर झाल्यावर दोन तोंडं बघीन, पण आदी एक तरी दाव. बातमीनं रडली आणि मग गावभर गूळ वाटला.

जाकीट उसवून पुन्हा शिवलं. चारांतली दोन बोटं सोडली, दोन अजून आत आहेत. आता टोचत नाही.

९ फेब्रु.

दुपारी पाण्याहून आले तर माजघरात सा.बा. पाटावर बसलेल्या. पाठीला दादाचे दोन भोपळे, हातात उलथनं, आणि वल्हं मारणं चाललेलं. मला बघून थांबल्या नाहीत. "तो म्हणतो, होडीनं जायचंच तर बरोबर कुणी बाईमाणूस हवं. मी बसते. पण हे मागं फार टोचतं गं." मी दोरी सैल करून दिली.

संध्याकाळी तिघं धरणाच्या भिंतीवर गेलो. पाणी अगदी संथ. हे बराच वेळ पलीकडे बघत होते. मग म्हणाले, "तो बघ, आईंच्या चुलीचा धूर."

तो ढग होता. मी "व्हय" म्हटलं. सा.बां.नी ऐकलं, दुरुस्त केलं नाही.