पाळण्यावर भरलेली कॅसेट

खडकी,
बुधवार, ता. २० नोव्हेंबर २००२

प्रिय दिगंबरराव यांस,

सप्रेम जयभीम, आणि तुमच्या घरच्या रीतीप्रमाणे नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? हेमावहिनींचा रक्तदाब आटोक्यात असेल अशी आशा करतो. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. (हे वाक्य पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पुढचं वाचून झाल्यावर तेवढं खोडून टाकावं.) माझं अक्षर दिसताच तुम्ही पाकीट न फोडता रद्दीत टाकाल, म्हणून पत्ता आमच्या चिरंजीवांकडून, रोहनकडून, लिहवून घेतला आहे. कशासाठी ते त्याने विचारलं नाही. कॉम्प्युटरच्या नोकरीत लागल्यापासून तो कशासाठी ते विचारत नाही. आपण सहा वर्षं बोललेलो नाही आणि आज मी आधी लिहितोय, यावरून माझंच चुकलं होतं असा निष्कर्ष घाईने काढू नये. तो भाग पुढे येणार आहे. फोन केला असता, पण आमचा फोन बाहेरच्या खोलीत सौ. शालनच्या कानाशी आहे, आणि तुम्ही ‘कोण बोलतंय?’ असं तीनदा विचारलं असतंत.

पत्र लिहायचं कारण म्हणजे आपला जुना वाद. आपल्या इंग्रजी रेकॉर्डींतला कुंपणवाला श्रेष्ठ की पियानोवाली बाई? गेले आठ-दहा दिवस मी दोघांनाही पुन्हा ऐकतो आहे (मनातल्या मनात, आणि माझ्या इच्छेने नव्हे, ते कळेलच) आणि माझं मत कायम आहे. तुम्ही म्हणायचात, कुंपणवाल्याचं सगळं गाणं तीन सुरांत आटोपतं, तेवढे तर शनिवार पेठेतल्या तुमच्या जिन्याची एक पायरी काढते. असेल. पण त्या तीन सुरांत तो माणूस काय काय ठेवतो ते बघा. कव्हरवर टोपी डोळ्यांवर ओढून कुंपणावर बसला आहे, घोडा कॅमेऱ्याकडे बघतो आहे आणि हा बघत नाही. गातानाही तसाच. घर गेलं, बायको गेली, पाऊस नाही, हे सगळं तो कुणाला दोष न देता सांगतो, आणि त्याचं सांगून झालं की मागून ती पोलादी गिटार येते, तारेवर लोखंडी नळी फिरवून काढलेला तो लांब स्वर, आणि जे त्याने सांगितलं नाही ते ती सांगते. मला इंग्रजी निम्मं कळतं, पण गिटार सगळी कळते. पियानोवालीबद्दल मला आदर आहे. ती तालाच्या जराशी मागून गाते. शालनला हाक मारली की ती ऐकते, हातातलं काम पुरं करते आणि मग येते, तसं त्या बाईचं आहे. ठेका हाक मारतो आणि ती आपल्या वेळेला येते. तुम्हाला हे जमून आलेलं वाटायचं. मला दर वेळी धाकधूक व्हायची, की ही आता येते का नाही.

धाकधुकीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आपल्या अक्षताला मुलगी झाली. येत्या रविवारी, चोवीस तारखेला, सकाळी दहाला आमच्या वसाहतीच्या हॉलमध्ये नामकरण आहे. तुम्ही उभयतांनी यावं. (हेच आमंत्रण समजावं, छापलेलं नाही.) तर बाळ घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी शालन म्हणाली की नामकरणाला आईचा पाळणा लावायचा. म्हणजे इंदुबाईंचा, माझ्या सासूबाईंचा. तुम्हाला आठवत असेल, अठ्ठ्याहत्तर साली अक्षताच्या बारशाला तुम्ही सायकलच्या कॅरियरला टेपरेकॉर्डर बांधून शनिवार पेठेतून खडकीपर्यंत आला होतात आणि तो पाळणा भरून घेतला होता. सासूबाईंनी तो स्वतः रचला होता, आयत्या वेळी, आणि पोरगी झोपली तरी अर्धा तास थांबल्या नव्हत्या. त्यात बाबासाहेब होते, अमुनिशन फॅक्टरीचा भोंगा होता, रेशनची रांग होती आणि माझी पहिली पाळीही होती. सासूबाई जाऊन तेरा वर्षं झाली. त्यांचा आवाज असलेली दुसरी वस्तू या घरात नाही.

आणि दिगंबरराव, ती वस्तूही आता धड नाही.

त्र्याण्णवचा तो रविवार आठवा. आमचे फोरमनसाहेब कायमचे ऑस्ट्रेलियाला निघाले होते आणि कुंपणवाल्याची तबकडी त्यांनी एका दुपारपुरती दिली होती, पाच वाजता माणूस न्यायला येणार होता. तुम्ही तुमचा रेकॉर्ड प्लेयर मांडीवर घेऊन रिक्षाने आलात. पहिली बाजू भरून झाली, दुसऱ्या बाजूला कोरी कॅसेट मशिनमध्ये गुंडाळली गेली आणि फितीची शेव झाली. सव्वाचार वाजले होते. मी कपाटावरून हाताला लागली ती बिनडबीची कॅसेट ओढली. तिच्या वरच्या कडेच्या दोन्ही खुंट्या मोडलेल्या होत्या. खुंटी मोडलेली कॅसेट म्हणजे ज्याने भरली त्याला ती कुणी पुसू नये असं वाटतं, हा आपला दोघांचा नियम, आपणच पाळत आलेला. त्या भोकांवर चिकटपट्टी लावली की मशिन फसतं आणि पुन्हा भरू देतं, हेही आपल्याला ठाऊक होतं. तुम्ही म्हणालात, “आधी ऐकून बघा काय आहे.” मी म्हणालो, युनियनच्या सभेचं भाषण आहे. माहीत नसताना म्हणालो. चिकटपट्टी लावली, सुई टेकवली, आणि रेकॉर्ड वाजताना बोलायचं नाही या आपल्या दुसऱ्या नियमाप्रमाणे वीस मिनिटं आपण दोघं एक शब्द बोललो नाही.

चार दिवसांनी दुसरी पाळी संपवून आलेलो, एकटाच ऐकत बसलो होतो. शेवटचं गाणं संपलं, खट्ट असा आवाज झाला आणि सासूबाई गायला लागल्या. मधूनच. भोंग्याच्या कडव्यापासून. वीस मिनिटं कुंपणवाल्याने खाल्ली होती, उरलेली सात-आठ मिनिटं शिल्लक होती, आणि सर्वांत शेवटी त्या म्हणतात, “बास. झोपली पोरगी. बंद करा ते मशिन, दिगंबरभाऊ.” जुनी डबी फुटली म्हणून शालनने ती कॅसेट नव्या डबीत घालायला बाहेर काढून ठेवली होती. मी काय केलं असेल? नवी डबी आणली, तिच्यावर माझ्या हाताने ‘आईचा पाळणा, १९७८’ असं लिहिलं आणि कॅसेट तिच्या जागी ठेवून दिली. मी तपासणी विभागात चौतीस वर्षं काढली. केसाएवढी चीर दिसली तरी माल परत पाठवला. आणि घरात असा माल स्वतः सही करून पास केला.

नऊ वर्षं निभावलं. शालनने दर वर्षी एकदा विषय काढावा आणि मी काहीतरी सांगावं. मशिनचा पट्टा गेला, हेडला बुरशी आली, जुनी फीत हिवाळ्यात लावू नये. पण आता रोहन मधे पडला आहे. तो म्हणतो, कॅसेट कॉम्प्युटरला जोडून सीडी करतो, खरखर सगळी काढून टाकतो. “टेन्शन नका घेऊ बाबा, सिंपल आहे.” त्याने हिंजवडीच्या ऑफिसमधून त्यासाठी शनिवारी सुट्टी घेतली आहे. दिगंबरराव, आज बुधवार आहे.

मी हातपाय हलवले नाहीत असं नाही. पहिल्यांदा मशिनची वायर ज्वारीच्या पिठाच्या डब्यात लपवली. संध्याकाळी भाकरीच्या वेळी ती शालनच्या हातात आली. तिने ती झटकली, पुसली आणि मशिनवर ठेवली. मग मी मशिनचा पट्टा काढून खिशात घातला. दुसऱ्या दिवशी रोहन मित्राचा वॉकमन घेऊन आला. शेवटी मी एक टेपरेकॉर्डर मागून घेऊन पलीकडच्या ब्लॉकमधल्या कांताबाईंकडे गेलो. वय बहात्तर, आवाज सासूबाईंसारखा जाडसर. त्यांना म्हटलं, वसाहतीतली जुनी गाणी जमा करतोय, एक पाळणा म्हणा. त्यांनी तीन कडवी बरी म्हटली, चौथ्यापासून सुनेवर घसरल्या, आणि सून आतून उत्तर द्यायला लागली. तेही भरलं गेलं. एवढ्यावर भागलं असतं, पण सोमवारी कांताबाई आमच्या दारात उभ्या, शालनला विचारतात, माझं गाणं चांगलं आलं का गं? मी पेपरमागे होतो. शालन म्हणाली, “छान आलंय म्हणे.” त्या ‘म्हणे’पासून मला नीट जेवण गेलेलं नाही.

आणखी एक गोष्ट. काल ती कॅसेट हातात घेतली तर मी लावलेली चिकटपट्टी तिच्यावर नाही. जुना डिंक वाळून पडली असेल असं मनाला सांगितलं, डबी झटकली, कपाट झाडलं. सापडली नाही. आणि स्वयंपाकघरात शालन भाकऱ्या थापताना गुणगुणते, ती कुंपणवाल्याची तिसरी चाल आहे असा मला भास होतो. बोच लागली की माणसाला काहीही ऐकू येतं. मला भीती वाटते, दिगंबरराव. तिच्या रागाची नाही, राग मला पाठ आहे. शनिवारी सगळ्यांसमोर ती फीत सुरू होईल, आईचा आवाज यायच्या जागी घोडेवाला येईल, आणि त्या वेळी तिचा चेहरा मला बघावा लागेल, त्याची भीती वाटते.

असो. वादाचा निकाल मात्र कुंपणवाल्याच्याच बाजूने, एवढंच कळवायचं होतं. लहानांना आशीर्वाद, वहिनींना माझा व शालनचा नमस्कार.

आपला,
बाबुराव ओव्हाळ

ता. क. : एवढंच कळवायचं नव्हतं. आपलं भांडण कशावरून झालं ते मी विसरलेलो नाही. शहाण्णव साली तुमच्या कपाटात ती नोंदवही माझ्या हाती लागली. तुमच्या मशिनमधून गेलेल्या प्रत्येक कॅसेटची एक प्रत तुम्ही न विचारता स्वतःसाठी काढून ठेवत होतात, तारीखवार. सिंहगडाच्या सहलीत मी कुंपणवाल्याची नक्कल केली होती, तीसुद्धा. मी तुम्हाला चोर म्हणालो. तुम्ही म्हणालात, “चोराने काही नेलंय का? सगळं जागच्या जागी आहे.” मला तेव्हा ते उद्धट वाटलं होतं. माझं चुकलं. आता त्या वहीत अठ्ठ्याहत्तर साल काढा, मे महिना, आणि ‘अक्षता, बारसं’ असं काही लिहिलं आहे का ते बघा. असेल तर शुक्रवारपर्यंत येऊन द्या. नसेल तर तसं कार्डावर लिहू नका, कार्ड शालन वाचते.

ता. क. दुसरा, त्याच दिवशी संध्याकाळी : पाकीट चिकटवायच्या आत शालन चहा घेऊन आली. पत्रावर नाव बघून तिने विचारलं, “दिगंबरभाऊंकडे प्रत आहे का, ते लिहिलंत का?” मग मी सगळं सांगितलं. चहा निवला. ती उठली, मशिनचा पट्टा माझ्या खिशातून काढून घेतला, बसवला (मला माहीत नव्हतं तिला येतो ते) आणि कॅसेट लावली. पूर्ण बाजू ऐकली आम्ही. ती आपल्या नियमाप्रमाणे एक शब्द बोलली नाही, फक्त तिसऱ्या गाण्याला गिटारबरोबर गुणगुणली. सासूबाई शेवटी ‘बास’ म्हणाल्या तेव्हा तिचेही ओठ हलले.

तिला त्र्याण्णवच्या दिवाळीपासून माहीत आहे. मी पहिल्या पाळीला गेलो की ती ऐकत असे. म्हणाली, “आधी तो माणूस नको वाटायचा. पुढे पळवावं तर फीत तुटायची भीती. म्हणून बसून ऐकत गेले. आता तो आधी झाल्याशिवाय आई आल्यासारखी वाटत नाही.” मी विचारलं, बोलली का नाहीस. “तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते,” म्हणाली. मला फार लाज वाटली, आणि ती तुम्हाला लिहून कळवावीशी वाटली.

रोहनला तिने सांगितलं आहे की सीडी घोड्यासकट करायची आणि खरखर काढायची नाही. तुमच्याकडे प्रत असली तर आणा, नसली तर तसेच या. सुरुवातीची कडवी तिला जेवढी आठवतात तेवढी ती स्वतः म्हणणार आहे. शेवटचं वाक्य तुम्हाला उद्देशून आहे, तेव्हा तुम्ही समोर असावं असं तिचं म्हणणं आहे.

ता. क. तिसरा : चिकटपट्टी सापडली नाही कारण ती शालननेच नऊ वर्षांपूर्वी नखाने खरवडून काढली होती. मी का म्हणून विचारलं. म्हणाली, “उरलेल्यावर तुम्ही आणखी कुणाला भराल, याचा काय भरवसा?”