बाकीचे हसले, त्यात मी

४ डिसेंबर, खामगाव
बोंडअळीनं बीटी कपाशी खाल्ली, सरकी काढायला जिनिंगमध्ये कापूस नाही. मशीन दुपारीच बंद. मालकानं सगळ्या गड्यांना शेडमध्ये बसवलं. कामावर बायांना होणारा त्रास, यावर बुलढाण्याच्या मॅडम बोलल्या. विचारलं, "मर्द कोणाले म्हणता?" कापसाची प्रत ठरवणारा आमचा ग्रेडर दिलीप म्हणे, "जो लाजत नाही तो." शेड हसली. मीही.

६ डिसें.
तक्रार समिती झाली. त्या मॅडम धरून चार बाया अन् मी. फिटर असून अक्षर चांगलं, हीच माझी लायकी. घरी सांगितलं तर बायको मंदा इतकी हसली की दूध उतू गेलं.

१० डिसें.
पहिलीच तक्रार. अन् दिलप्यावरच! कापूस निवडणाऱ्या शोभाताईची. तो रोज वाट अडवते, परवा पदर ओढला. दिलप्या मला म्हणे, "गंमत केली बे. बाईमाणसाले गंमत समजत नाही." मी मान हलवली. कशाला हलवली कोण जाणे.

११ डिसें.
जबाब लिहायला मीच. शोभाताई सांगत होती, "तो अडवते, बाकीचे हसतात." मॅडम म्हणाल्या, बाकीचे कोण? शोभाताईनं माझ्याकडं पाहिलं. "लिहा. हे फिटरभाऊ बी."
लिहिलं. स्वतःचं आडनाव, तरी वेलांटी चुकली. मॅडमनी दुरुस्त करायला लावली. समितीतून बाहेर, साक्षीदारांत आत.

१२ डिसें.
दिलप्या: "काही पाह्यलं नाही म्हण. मर्द हाय का नाही तू?"
जेवताना मंदाला सांगितलं.
"हसले होते का तुम्ही?"
"जोरात नाही."
"म्हणजे हसले."
भाकर वाढली. मग म्हणे, "मी ती जुनी जिनिंग काऊन सोडली, इचारलं कधी?"
तिला धूळ सोसत नाही, असं मी गावभर सांगत आलो. सात वर्षं. विचारलं, काय झालं होतं? "जेवा आता."
जेवण गेलं नाही.

१५ डिसें.
अकराला साक्ष. दाढी करताना दोनदा कापलं. गेटवर दिलप्यानं खांद्यावर हात टाकला, "भाऊ हाय आपला." शोभाताई बाकावर बसलेली, माझ्याकडं पाहिलंच नाही. आतून हाक आली. खांद्यावरचा हात काढला, एवढं तर केलं. आता आत जाऊन तोंड उघडायचं, अन् पहिलं वाक्य हेच: बाकीचे हसले, त्यात मी.