पुसून पुन्हा भरता येणारी

सोम., ४ जाने.
हे जालन्याहून आले. आणलं ते: कोऱ्या डीव्हीडी तीन (नावापुढं वजाचं चिन्ह असलेली १५, अधिकाचं असलेली १८, पुसून पुन्हा भरायची ४५), कापूर १०, वाती १०. डिस्क एकच सांगितली होती. दुकानदारानं विचारलं कोणती, तर हे म्हणे तिन्ही द्या. तीस वर्षं झाली लग्नाला, अजून एकटं बाजारात धाडायची सोय न्हाई.

माझ्या वडलांच्या, दादांच्या, सहस्रचंद्रदर्शनाची व्हिडिओ कॅसेट यांच्या पुतण्यानं, सुधीरनं, काढली. पुढच्याच महिन्यात दादांना अर्धांगाचा झटका, वाचा गेली. आता आपल्या बापाचा आवाज तेवढ्या कॅसेटीत. धाकटी मंगल त्या दिवशी आलीच न्हाई. सुनेचं बाळंतपण म्हणे. जसं काही ऑपरेशन हीच करणार होती. तरी कॅसेट डिस्कवर भरून तिला दाखवायला पाहिजे. बहीण आहे.

बुध., ६
अंबडच्या कॉम्प्युटरवाल्या शेठकडं स्वतः गेले, तिन्ही डिस्का घेऊन.
"वजावाली भरा काकू, जुन्या प्लेअरला बराबर चालती."
"आणि अधिकवाली?"
"ती बी चालती."
"मंग फरक काय?"
"कंपन्यांची भांडणं, काकू. आपल्याला काय करायचं?"
इतकं ज्ञान घेऊन दुकान टाकलंय. पुसायची भरा म्हटलं. शेठ म्हणे ती सगळ्या प्लेअरला चालंलच असं न्हाई. मी ऐकलं न्हाई. एकदा वापरली की संपली, अशी वस्तू माझ्या घरात काडेपेटी सोडून दुसरी न्हाई. उरलेल्या दोन त्यानं भरायच्या मजुरीत ठेवून घेतल्या, तोंड वाकडं करून.

शुक्र., ८
डिस्क आली. हळदकुंकू लावणार होते, यांनी ओरडून हात धरला. वरच्या वेष्टनाला लावलं.
आपल्या टीव्हीवर चालली. दादा अथर्वशीर्ष म्हणतात, पुस्तक न घेता. मधेच ठसका लागला. "पाणी द्या रे," म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून. मागं नातेवाईक जिलेबी चघळून राह्यलेत, एकाचा हात जोडलेला न्हाई.
शेठ म्हणत होता, कॅसेट राहू द्या, अस्सल ती. लोकाची वस्तू घरात अडकवायची आम्हाला सवय न्हाई. आजच सुधीरला पोचती केली.

मंगळ., १२
घनसावंगीच्या जीपवाल्याकडं डिस्क दिली. मंगलला फोनवर बजावलं, बघून झाली की परत. ही साधी न्हाई, पुसून हजारदा भरता येती.
"अय्या, खरंच का ताई?" म्हणाली. हिला प्रत्येक गोष्टीचं अय्या.

शनि., १६
मंगलचा फोन. "ताई, तुझी सीडी आमच्या डबड्याला चालंना."
"सीडी न्हाई, डीव्हीडी. प्लेअरवर काय काय चालतं ते लिहिलेलं असतं, वाच."
"वर मोर काढलेला हाय."
मोर! मोर बघून प्लेअर घेणारी माणसं. शेवटी शेजारच्या गुरुजींच्या कॉम्प्युटरवर बघितली. लई रडले म्हणाली.

शनि., ३०
पौर्णिमा. मंगलचे यजमान कापसाच्या कामानं आल्ते. डिस्क परत आली, खणात गुंडाळून, सोबत तिळाचे लाडू. लाडू कडक.
संध्याकाळी दिवा लावून डिस्क लावली. मंगलच्या नातवाचं बोरन्हाण. बोरं, चुरमुरे, पोर भोकाड पसरून राह्यलंय. शेवटपर्यंत तेच. दादा न्हाईत.
फोन केला.
"अगं, रिकामी कशी पाठवू? आपल्यात माहेरचं भांडं कधी रिकामं परत करतात का?"
"ती भरलेली होती, मंगल!"
"तुझं तर बघून झाल्तं ना? पुसून भरता येती, तूच म्हणालीस. गुरुजींनी भरून दिली, एक पैसा घेतला न्हाई."
फोन ठेवला. अक्कल मात्र रिकामी ठेवली, ती कुणी भरली न्हाई.

सोम., १ फेब्रु.
सुधीरकडं गेले. कॅसेटीवर त्यानं मित्राची हळद काढली. "काकू, तुम्हीच म्हणाल्या ना, डिस्कवर आलंय."
म्हणाले होते.
हे जेवताना एवढंच बोलले, "वजाची घेतली असती तर पुसताच आली नसती." एरवी बाजारात तोंड उघडत न्हाईत. मी त्यांच्या पानात भाकरी वाढली.

मंगळ., २
अंगारकी. राजूरला गणपतीचं दर्शन, मंग दादांकडं. मी अथर्वशीर्ष म्हटलं. ते ओठ हलवतात, आवाज न्हाई. एका जागी मी चुकले, तर त्यांनी चांगला असलेला हात उचलून थांबवलं. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.
त्यांना काही सांगितलं न्हाई.

गुरु., ४
मंगल फोनवर कशालाही हो म्हणती आणि विसरती. म्हणून जबाबी कार्ड टाकलं, उत्तराचं कोरं कार्ड जोडलेलं. नक्कल इथं ठेवते:

चि. मंगल हिस आशीर्वाद. बोरन्हाण पाहिलं, बाळ गुटगुटीत आहे. आता नीट वाच. सुधीर म्हणतो, डिस्क पुसण्याआधी काहीजण आतलं कॉम्प्युटरात उतरवून ठेवतात. गुरुजींनी तसं केलं का, एवढंच विचार. ते लेकीकडं गेले आहेत हे कळलं. येतील त्या दिवशी जा, चहाच्या आधी विचार. तोवर त्यांच्या घरी कुणी कॉम्प्युटर साफसूफ करू नये, असं सांग. राग माझा तुझ्यावर आहे तेवढाच माझ्यावर आहे, म्हणून खरं तेच लिही. असेल तर असेल, नसेल तर नाही. जोडकार्डावर पत्ता घातलाच आहे. उलट टपाली कळव.