वरचा मजला नको

अच्चाया,

पुट्टू झाकून ठेवलाय, कडल्याचा रस्सा तेवढा गरम करून घ्या. मी नव्या घराच्या बांधकामावर गेलेय. पौलोस आज जिन्याचं काम धरणार आहे, ते थांबवायचंय. करारावर आपण दोघांनी सह्या केल्यात, ठाऊक आहे मला. "चेची, आता नकाशा बदलायचा?" म्हणून तो कुरकुरेल. कुरकुरू दे.

कालच सांगायला हवं होतं. पण तुम्ही वरच्या खोलीत जिन्सीला कुठला रंग आवडेल ते बोलत होता, मला तोंड उघडवेना. रविवारी तुम्ही चर्चला गेल्यावर तिचा कॅनडाहून फोन आला होता. म्हणाली, "अम्मा, आमच्यासाठी खोल्या काढू नका गं. आलोच तर चार दिवस हॉटेलात राहू, मुलांना तेच बरं पडतं." मी बरं म्हटलं आणि मासे साफ करायला बसले.

आपल्या दोघांना खालच्या दोन खोल्या पुष्कळ झाल्या. तिला फोन करून काही बोलू नका.

जमलं तर अकरापर्यंत तिकडे या. पौलोसने कारण विचारलं तर मी तुमच्या गुडघ्याचं सांगणार आहे. तुम्हीही तेच सांगा.

एलियाम्मा